फळांचा चहा आणि शरीराचे वजन

भारतात संध्याकाळ आणि चहा यांचे नाते आज अतूट वाटते. परंतु ते फार जुने नाही. आसामात चहाची लागवड एकोणिसाव्या शतकात सुरू झाली. तो चहा बहुतांशी परदेशी जात असे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उत्पादकांच्या संघटनांनी रेल्वे स्थानकांवर, बाजारपेठांत आणि गिरण्यांत पद्धतशीर प्रचार केला, तेव्हा कोठे हे पेय सामान्य भारतीय कुटुंबात शिरले. एकदा शिरल्यावर मात्र प्रत्येक प्रांताने त्याला आपले रूप दिले. काश्मीरात केशर-वेलदोड्याचा कहवा, बंगालमध्ये लिंबू पिळलेला कोरा चहा, केरळच्या मलबार भागात सुलेमानी आणि उर्वरित देशात बहुतेक ठिकाणी दूध-साखर घालून उकळलेला चहा रूढ झाला.

अलीकडच्या काळात याच संध्याकाळच्या वेळेवर आणखी एका पेयाने हक्क सांगण्यास प्रारंभ केला आहे. ते म्हणजे फळांचा चहा. वाळविलेल्या फळांचे तुकडे, साली, फुलांच्या पाकळ्या यांचे मिश्रण कागदी पुडीत भरून विकले जाते. ही पुडी गरम पाण्यात बुडविली की लालसर, आंबटगोड वासाचे पेय तयार होते. रोज संध्याकाळी ते घेतल्यास वजन उतरते, असा समज शहरांतून आणि आता लहान गावांतूनही पसरलेला दिसतो. या समजात तथ्य किती आणि भ्रम किती, हे पाहण्यासाठी प्रथम पेयाचे स्वरूप आणि नंतर शरीराचे व्यवहार समजून घ्यावे लागतात.

नाव चहाचे, वस्तू निराळी

चहा हे एका विशिष्ट झुडुपाच्या पानांचे नाव आहे. वनस्पतिशास्त्रात त्याला कॅमेलिया सायनेन्सिस म्हणतात. भारतातील अन्नविषयक नियमांतही चहाची व्याख्या याच झुडुपाशी बांधलेली आहे. काळा चहा आणि हिरवा चहा ही एकाच पानाची दोन रूपे होत. फरक केवळ पानांवर केल्या जाणाऱ्या प्रक्रियेचा असतो. या पानांत कॅफिन आणि टॅनिन वर्गातील द्रव्ये असतात आणि चहाची तरतरी व तुरटपणा त्यांच्यापासून येतो.

फळांच्या चहात सामान्यतः हे पान मुळीच नसते. शास्त्रीय भाषेत तो फांट होय, म्हणजे गरम पाण्यात वनस्पती भिजवून काढलेला अर्क. त्याचा लाल रंग बहुधा लाल अंबाडीच्या मांसल पुष्पकोशांतून येतो. ही वनस्पती भारताला अपरिचित नाही. आंध्र प्रदेश आणि तेलंगणात तिच्या पानांची गोंगुरा ही भाजी आणि लोणचे प्रसिद्ध आहे. ईजिप्त आणि सुदान या देशांत तिच्याच पुष्पकोशांचे करकडे नावाचे पेय पूर्वापार प्यायले जाते. याखेरीज मिश्रणात वाळलेले सफरचंद, रानगुलाबाची फळे, संत्र्याची साल अशा वस्तू असतात. भारतीय मिश्रणांत आवळा, बेलफळ आणि कोकमही आढळतात.

अशा पेयाच्या एका प्याल्यात साखर घातली नाही, तर उष्मांक जवळजवळ नसतात. फळाचा गर पाण्यात उतरत नाही; रंग, आम्ल, सुगंध आणि अत्यल्प शर्करा तेवढी उतरते. एका प्याल्याचे उष्मांक मोजल्यास ते फार तर पाचाच्या आसपास भरतात. म्हणून या पेयाला अन्न म्हणता येणार नाही. ते स्वाद दिलेले पाणी आहे, असे म्हणणे अधिक योग्य होईल. ही गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे पुढील विवेचन सुलभ होते.

वजनाचा जमाखर्च

प्राणी अन्नाचे ज्वलन करून उष्णता निर्माण करतो, हा विचार अठराव्या शतकाच्या अखेरीस लाव्हाझिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने प्रयोगाने मांडला. लाप्लास या गणितज्ञाच्या साहाय्याने त्याने बर्फाने वेढलेल्या पात्रात गिनीपिग हा लहान प्राणी ठेवला आणि त्याच्या शरीरातील उष्णतेने किती बर्फ वितळते हे मोजले. पुढे 1890 च्या दशकात अमेरिकेत ॲटवॉटर आणि रोझा यांनी माणूस काही दिवस राहू शकेल एवढी उष्णतामापक खोली बांधली. तिच्यात राहणाऱ्या माणसाने खाल्लेल्या अन्नातील ऊर्जा आणि त्याच्या शरीरातून बाहेर पडलेली ऊर्जा यांचा मेळ अतिशय जवळचा बसला. निर्जीव यंत्राला लागू असलेला ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मनुष्यदेहालाही लागू आहे, हे त्यावरून सिद्ध झाले.

एक ग्रॅम पिष्टमय पदार्थांपासून किंवा प्रथिनांपासून सुमारे 4, आणि एक ग्रॅम स्निग्ध पदार्थांपासून सुमारे 9 किलोकॅलरी ऊर्जा मिळते. व्यवहारात किलोकॅलरीलाच उष्मांक म्हणण्याचा प्रघात आहे आणि येथेही तोच अर्थ घेतला आहे. खर्चापेक्षा अधिक ऊर्जा मिळाली की ती मुख्यतः मेदाच्या रूपाने साठते. कमी मिळाली की साठा वापरला जातो. शरीरातील एक किलोग्रॅम मेदपेशीजालात सुमारे 7,700 उष्मांक साठलेले असतात.

यावरून वजन उतरविणाऱ्या कोणत्याही पेयाला दोनच मार्ग उपलब्ध आहेत, असे दिसून येईल. एक तर त्याने शरीराचा खर्च वाढविला पाहिजे, अथवा शरीरात येणारी ऊर्जा कमी केली पाहिजे. तिसरा मार्ग नाही. जाहिरातींतून 'चरबी विरघळते', 'विषारी द्रव्ये बाहेर पडतात' अशी जी वाक्ये वाचावयास मिळतात, ती या जमाखर्चाच्या कोणत्याही बाजूला मांडता येत नाहीत. मेद पाण्यात विरघळत नाही आणि प्यायलेले पाणी मेदपेशींना धुऊन काढीत नाही. शरीरातील त्याज्य द्रव्ये बाहेर टाकण्याचे कार्य यकृत आणि मूत्रपिंडे अहोरात्र करीतच असतात.

कुडमपुळीची कथा

फळात मेदनाशक गुण असतो, ही कल्पना केवळ जाहिरातदारांच्या डोक्यातून निघालेली नाही. तिच्यामागे एक खरा शास्त्रीय शोध आहे आणि तो भारतात लागलेला आहे.

केरळच्या किनारपट्टीवर माशाच्या कालवणात कुडमपुळी नावाच्या फळाची वाळलेली, काळपट साल घालतात. कोकण आणि गोव्यात आमटीत व सोलकढीत जे कोकम वापरले जाते, त्याच्याच कुळातील हे फळ आहे. त्याचा आंबटपणा कोणत्या आम्लामुळे येतो, याविषयी पूर्वी निश्चित माहिती नव्हती. म्हैसूर येथील केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत वाय. एस. लुईस आणि एस. नीलकंठन यांनी या प्रश्नाचा छडा लावला. हे फळातील मुख्य आम्ल हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल असल्याचे त्यांनी 1965 साली प्रसिद्ध केले. कोकमातही हेच आम्ल असते.

त्यानंतर काही वर्षांतच अमेरिकेतील जीवरसायनशास्त्रज्ञांना या आम्लाचा एक विलक्षण गुण आढळला. पिष्टमय पदार्थांपासून मेद तयार होताना पेशीमध्ये एका विशिष्ट विकराची, म्हणजे एन्झाइमची, गरज लागते. हे आम्ल त्या विकराला अडविते. उंदरांच्या जातीच्या प्राण्यांवरील प्रयोगांत त्यामुळे मेदाची निर्मिती मंदावली आणि प्राण्यांचे खाणेही कमी झाले. साहजिकच या फळाच्या अर्काच्या गोळ्या जगभर विकल्या जाऊ लागल्या.

तथापि उंदराला जे लागू पडते ते माणसाला लागू पडेलच असे नाही. न्यूयॉर्क येथे केलेल्या आणि 1998 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत वजन अधिक असलेल्या 135 व्यक्तींनी भाग घेतला. सर्वांना कमी उष्मांकांचा, तंतुमय पदार्थांनी युक्त आहार सांगण्यात आला. निम्म्यांना दररोज दीड ग्रॅम हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल मिळेल एवढा अर्क आणि निम्म्यांना दिसायला तशाच पण निष्क्रिय गोळ्या दिल्या गेल्या. कोणाला काय मिळते, हे घेणाऱ्यांना किंवा देणाऱ्यांना ठाऊक नव्हते. बारा आठवड्यांनंतर अर्क घेणाऱ्यांचे वजन सरासरी 3.2 किलोग्रॅमने उतरले होते. निष्क्रिय गोळ्या घेणाऱ्यांचे 4.1 किलोग्रॅमने. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचा नव्हता. म्हणजेच दोन्ही गटांत जे वजन उतरले ते आहारामुळे, अर्कामुळे नव्हे.

असे का व्हावे? माणसाच्या नेहमीच्या आहारात पिष्टमय पदार्थांचे मेदात रूपांतर फारच थोड्या प्रमाणात होते. साठणारा मेद बहुतांशी तेल, तूप, लोणी यांतून थेट आलेला असतो. पिष्टमय पदार्थ इंधन म्हणून आधी वापरले जातात आणि तेवढा स्निग्धांश शिल्लक राहतो. जो रस्ता मुळातच अरुंद आहे तो अडविल्याने रहदारीत विशेष फरक पडत नाही. शिवाय चाचणीत दिलेला दीड ग्रॅमचा डोस हा गोळीतील घन अर्काचा होता. तेवढ्यानेही जे साधले नाही, ते गरम पाण्यात क्षणभर बुडविलेल्या सालीच्या तुकड्याने साधेल, अशी अपेक्षा करता येत नाही. उलट अशा अर्काच्या गोळ्या घेणाऱ्या काही व्यक्तींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. कालवणात किंवा सरबतात घातलेले फळ आणि गोळीत भरलेला तीव्र अर्क या दोन गोष्टी एकच नव्हेत.

पाण्याचे कार्य

आता खर्चाच्या बाजूकडे पाहू. थंड पाणी प्यायल्यास ते तापविण्यासाठी शरीराला ऊर्जा वेचावी लागते, हे खरे आहे. 20 अंश सेल्सियसचे 200 मिलिलिटर पाणी 37 अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे साडेतीन उष्मांक पुरतात. साखरेच्या एका चिमटीत याहून फारसे कमी उष्मांक नसतात. फळांचा चहा तर गरमच घेतला जातो. तेव्हा हा क्षुल्लक लाभही त्यात नाही.

कॅफिनमुळे शरीराचा ऊर्जाखर्च काहीसा वाढतो. परंतु फळांच्या चहात कॅफिन नसते. ज्या हिरव्या चहात ते असते, त्याच्याविषयीचे निष्कर्षही उत्साहवर्धक नाहीत. अशा चाचण्यांचा एक साक्षेपी आढावा 2012 साली प्रसिद्ध झाला. जपानबाहेर झालेल्या चाचण्यांत हिरव्या चहामुळे उतरलेल्या वजनाची सरासरी केवळ 0.04 किलोग्रॅम, म्हणजे 40 ग्रॅम, भरली. हा फरक नगण्य होय.

पाण्याचा एक उपयोग मात्र प्रयोगाने दिसून आला आहे. ब्रिटनमध्ये स्थूल प्रौढांवर केलेली एक चाचणी 2015 साली प्रसिद्ध झाली. तिच्यातील 84 जणांपैकी एका गटाला प्रत्येक मुख्य जेवणापूर्वी अर्धा तास अर्धा लिटर पाणी पिण्यास सांगितले गेले, तर दुसऱ्या गटाला पोट भरले आहे अशी नुसती कल्पना करण्यास सांगितले गेले. बारा आठवड्यांत पाणी पिणाऱ्यांचे वजन दुसऱ्या गटापेक्षा सुमारे 1.3 किलोग्रॅमने अधिक उतरले. पोटात पाणी असल्यामुळे ताटातील अन्न थोडे कमी खाल्ले जात असावे, असा तर्क आहे. येथे कार्य पाण्याने केले. त्याला फळाचा वास असता तरी ते तेवढेच झाले असते.

संध्याकाळच का?

संध्याकाळच्या वेळेला काही विशेष महत्त्व आहे काय, हा प्रश्न अगदीच निरर्थक नाही. शरीरातील अनेक क्रिया दिवस-रात्रीच्या चक्राप्रमाणे चालतात. अमेरिकेतील एका प्रयोगात वजन अधिक असलेल्या 16 व्यक्तींना तेच अन्न एकदा लवकर आणि एकदा सुमारे चार तास उशिरा देण्यात आले. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात उशिरा जेवताना भूक अधिक जाणवली आणि ऊर्जेचा खर्चही किंचित घटला. त्याच वर्षी स्कॉटलंडमधील एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तेथे 30 व्यक्तींना ठरावीक उष्मांकांचा आहार दिला होता. न्याहारी मोठी असो वा रात्रीचे जेवण मोठे असो, वजन सारखेच उतरले; मात्र मोठी न्याहारी करणाऱ्यांना भूक कमी लागली. या दोन्हींतून एवढे निष्पन्न होते की, वेळेचा परिणाम प्रामुख्याने भुकेवर होतो आणि भुकेच्या द्वारे तो आहारावर होतो.

भारतीय घरांत संध्याकाळ ही भुकेची आणि त्याहूनही सवयीची वेळ आहे. दुपारचे जेवण होऊन चार-पाच तास झालेले असतात आणि रात्रीचे जेवण अनेक शहरांत नऊ-दहापर्यंत लांबते. या मधल्या वेळात चहाबरोबर कोलकात्यात सिंगाडा, दिल्लीत मठरी, चेन्नईत वडा, मुंबई-पुण्याकडे बिस्किटे किंवा फरसाण येते. मोठ्या आकाराच्या एका सामोशात दोनशेहून अधिक उष्मांक सहज असतात. तेव्हा संध्याकाळच्या पेयाचे मूल्य ठरविताना प्याल्याइतकेच बशीकडेही लक्ष दिले पाहिजे.

झोपेचाही येथे संबंध येतो. कॅफिनचा निम्मा अंश शरीरातून जाण्यास सुमारे पाच तास लागतात. म्हणून संध्याकाळी उशिरा घेतलेला कडक चहा काहींची झोप लांबवितो. कमी झोप घेणाऱ्या आणि वजन अधिक असलेल्या 80 प्रौढांवरील एका अमेरिकन चाचणीत झोप दररोज सुमारे सव्वा तासाने वाढली, तेव्हा त्यांचा आहार दिवसाला सरासरी 270 उष्मांकांनी आपोआप घटला. ही चाचणीही 2022 सालचीच आहे. फळांच्या चहाने झोप वाढते, असा याचा अर्थ नव्हे. परंतु ज्याची झोप संध्याकाळच्या चहाने बिघडते, त्याला कॅफिनविरहित पेय सोयीचे पडेल, एवढे म्हणता येईल.

एका प्याल्याचा हिशेब

आता प्रत्यक्ष आकडेमोड करून पाहावी. दूध-साखरेच्या चहाच्या एका प्याल्यात 75 मिलिलिटर गाईचे दूध आणि दोन चमचे, म्हणजे 10 ग्रॅम, साखर आहे असे धरू. दुधाचे सुमारे 50 आणि साखरेचे 40 मिळून 90 उष्मांक होतात. दूध म्हशीचे असेल तर हा आकडा आणखी वाढतो. त्याऐवजी साखर न घातलेला फळांचा चहा घेतला, तर दररोज सुमारे 85 उष्मांकांची बचत होते. महिन्याची बचत 2,550 उष्मांक होईल आणि 7,700 ने भागल्यास ती एक-तृतीयांश किलोग्रॅम मेदाएवढी भरते.

या हिशेबाने वर्षाकाठी चार किलोग्रॅम वजन उतरावे. परंतु शरीर हे साध्या त्रैराशिकाप्रमाणे चालत नाही. वजन घटू लागले की शरीराचा दैनंदिन खर्चही घटतो आणि उतार मंदावतो. अमेरिकेतील संशोधकांनी 2011 साली मांडलेल्या गणितानुसार आहारात दररोज सुमारे 24 उष्मांकांची कायमची घट केल्यास अखेरीस एक किलोग्रॅम वजन उतरते आणि त्यातील निम्मे पहिल्या वर्षात उतरते. या मापाने 85 उष्मांकांच्या घटीमुळे अखेरीस साडेतीन किलोग्रॅम आणि पहिल्या वर्षी पावणेदोन किलोग्रॅम वजन उतरेल. लाभ लहान आहे, पण खोटा नाही.

मात्र तो फळांमुळे झालेला नाही, हे विसरता कामा नये. दूध-साखर वगळल्यामुळे तो झाला. लिंबू पिळलेल्या कोऱ्या चहाने, जिऱ्याच्या पाण्याने किंवा नुसत्या गरम पाण्यानेही तो तेवढाच झाला असता आणि त्यासाठी खर्चही नगण्य आला असता. शिवाय हा हिशेब बाकी सर्व आहार पूर्वीप्रमाणे राहिला तरच खरा ठरतो. 'आज चहात साखर नव्हती' या समाधानात दोन बिस्किटे अधिक खाल्ली गेली, तर जमेची बाजू तेथेच संपते. फळांच्या चहात दोन चमचे मध घातल्यास बचत सुमारे निम्म्यावर येते. मधाच्या एका चमच्यात साखरेच्या चमच्याइतकेच उष्मांक असतात. फळाचे नाव असलेल्या बाटलीबंद गोड पेयांच्या 250 मिलिलिटरमध्ये तर पुष्कळदा 25 ते 30 ग्रॅम साखर असते, म्हणजे 100 ते 120 उष्मांक. ज्याने दुधाचा चहा सोडून असे पेय धरले, त्याने तोटाच करून घेतला.

रेचकाचा फसवा लाभ

काही मिश्रणांच्या बाबतीत ग्राहकाला खरोखरच दोन-चार दिवसांत वजन उतरल्याचे दिसते. अशा वेळी पुडीवरील घटकांत सोनामुखीचे नाव आहे काय, हे पाहणे अगत्याचे असते. तमिळनाडूतील तिरुनेलवेली जिल्ह्याच्या नावाने ही रेचक वनस्पती जगाच्या बाजारात ओळखली जाते. बद्धकोष्ठावरील औषध म्हणून तिचे स्थान मान्य आहे. परंतु वजन उतरविण्याशी तिचा संबंध नाही.

अन्नातील ऊर्जा मुख्यतः लहान आतड्यात शोषली जाते. सोनामुखीचे कार्य त्यापुढील मोठ्या आतड्यात चालते. ती जागी होते तोवर उष्मांक रक्तात पोहोचलेले असतात. बाहेर पडते ते पाणी आणि क्षार. तराजूचा काटा खाली येतो आणि दोन प्याले पाणी प्यायल्यावर पुन्हा वर जातो. रोजच्या वापराने शरीरातील पोटॅशियम घटते, अशक्तपणा येतो आणि हृदयाच्या ठोक्यांत अनियमितपणा येण्याचा संभव असतो. ज्या मिश्रणावर घटकांची पूर्ण यादी नाही, ते घरात न आणणे हेच श्रेयस्कर.

निव्वळ फळांच्या मिश्रणातही काही बाबतींत विवेक हवा. त्यातील आम्लामुळे पेय बरेच आंबट असते. दातांचे बाह्य कवच आम्लात झिजते. म्हणून असे पेय तासभर घोट घोट घेत बसू नये. लाल अंबाडीच्या पेयाने रक्तदाब थोडा उतरतो, असे 2010 साली प्रसिद्ध झालेल्या, 65 व्यक्तींवरील सहा आठवड्यांच्या चाचणीत आढळले. हा गुण उपकारक आहे. परंतु रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी ते नियमित घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. मधुमेहासाठी इन्सुलिन अथवा काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांनी संध्याकाळचे खाणे एकाएकी बंद करून नुसते पेय घेतल्यास रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

वजन कोणाचे आणि कशासाठी

हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील सुमारे 24 टक्के स्त्रिया आणि 23 टक्के पुरुष प्रमाणाहून अधिक वजनाचे होते. त्याच पाहणीत सुमारे 19 टक्के स्त्रिया प्रमाणाहून कृश आढळल्या. एकाच देशात, कधीकधी एकाच घरात, या दोन्ही अवस्था नांदतात. जिचे वजन आधीच कमी आहे अशा तरुणीने संध्याकाळचे दूध आणि खाणे सोडून रंगीत पाण्यावर राहणे, हे तिच्या प्रकृतीस अपायकारकच ठरेल.

दुसरी बाब अधिक सूक्ष्म आहे. भारतीयांच्या शरीरात दिसण्यातील कृशता आणि आतील मेद एकत्र असू शकतात. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण दिले. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागल्यास जो निर्देशांक मिळतो, तो दोघांचाही 22.3 होता. परंतु युडकिन यांच्या शरीरात मेद 9.1 टक्के होता, तर याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के. यामुळेच भारतीयांच्या बाबतीत हा निर्देशांक 23 च्या पुढे गेला की सावध व्हावे, असे वैद्यकतज्ज्ञ सांगतात, आणि कमरेचा घेरही मोजण्यास सुचवितात. पोटाभोवतीचा मेद मधुमेह आणि हृदयविकार यांना आमंत्रण देतो. अशा व्यक्तीने चालणे, आहारातील तेल-साखर कमी करणे आणि रक्ततपासणी करून घेणे या गोष्टी एखाद्या पुडीच्या भरवशावर पुढे ढकलल्या, तर पेय निरुपद्रवी असूनही त्याच्यावरील विश्वास घातक ठरतो. वाया जाणारी वस्तू येथे पैसा नसून वेळ असते.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली भारतीयांसाठी सुधारित आहारविषयक मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. चहा-कॉफी जेवणापूर्वी आणि जेवणानंतर निदान एक तास टाळावी, कारण त्यातील टॅनिनमुळे अन्नातील लोहाचे शोषण घटते, असे त्यांत सांगितले आहे. साखर कमी करावी आणि शारीरिक श्रम वाढवावेत, हा उपदेशही त्यांत आहेच. त्या उपदेशात नवल वाटावे असे काही नाही, आणि म्हणूनच त्याची जाहिरात होत नाही.

सारांश, फळांच्या चहात मेद जाळण्याची शक्ती नाही. संध्याकाळच्या गोड पेयाच्या आणि तळलेल्या पदार्थांच्या जागी तो साखरेवाचून घेतला, तर वजन थोडे आणि सावकाश उतरण्यास मदत होते. त्यांच्या जोडीला घेतला, तर काहीच होत नाही. त्याचा रंग आणि सुगंध आवडत असेल, तर तो अवश्य घ्यावा. त्याने रिकामी केलेली बशी पुन्हा भरली जाणार नाही, एवढी दक्षता मात्र घेणाऱ्यानेच बाळगावयाची असते.